सास्तूरला घासून धुतलेलं चीज

परंड्याहून सकाळची बस धरली तवा बायको म्हणाली, "तितं तरी जीभ आवरा." आवरली आसती तर हे सांगायला काय उरलं नसतं.

माझं शिक्षण बसची पाटी वाचण्यापुरतं. त्यात बी तुळजापूरला चुकीच्या बसमधी बसलो. कंडक्टर म्हणाला, "मामा, ही सोलापूरला चालली." म्या म्हणलं, "मंग आदी सांगायचं न्हाय व्हय?" सगळी बस हसली. लोहाऱ्याला पोचायला दुपार झाली. तितनं जीपला लटकून सास्तूर.

भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव. सरळ रस्ते, सारखी घरं. त्यातलं येक योहानचं. तो गवंडी, म्या तेचा बिगारी (हाताखालचा मजूर). तरुणपणी परंड्यात आमी मिळून भिंती बांधल्या. तेच्या सरळ, माझा हात लागलेल्या पोटुशा. त्र्याण्णवच्या भूकंपात तेची बायको रूथ आन् चार वर्साची पोर गेली. तवापास्नं येकटाच. "ये, तुला वाचून दाखवायचंय," आसा फोन आला म्हणून गेलो.

तेचा पुतण्या परदेशी बोटीवर स्वयंपाकी. तेनं येक जाड कादंबरी आन् डबाभर चीज धाडलं व्हतं. योहान म्हणाला, "तू चीज काप, म्या गोष्टीचं पान काढतो." येक तुकडा लाल मेणातला. म्या मेणासकट चघळला, म्हणलं साल लई चिवट हाय. दुसऱ्यावर निळी बुरशी. म्हणलं, वाटंतच नासलं बिचारं. लोणच्यावरची बुरशी काढतात तशी खरवडली, नळाखाली धरून काथ्यानं घासलं, लख्ख केलं.

योहाननं कपाळाला हात लावला. "आरं बाप्या, ती बुरशीच खायाची आसती!"

उरलेलं चाखलं. आदी खारट, मंग ओल्या गोठ्याचा वास, आन् लई मागनं जरासं गोड. माझं मत इचाराल तर, पयल्या घासाला थुकावं वाटतं, तिसऱ्याला चौथा मागावा वाटतो.

मंग तेनं गोष्ट वाचली. जगाचा शेवट येतो. चांगली माणसं येका क्षणात वर उचलली जात्यात, कपडे तितंच पडत्यात. पापी तेवडे मागं राहत्यात. म्या म्हणलं, "लिहिणाऱ्यानं शेवट बगितल्याला न्हाय. आपल्याकडं वर कोण गेलं? खाली उकरावं लागलं."

योहान हसला न्हाय. चष्मा काढला. "तेच इचारायला बोलावलं तुला. त्या दोगींना नेलं, मला मागं ठिवलं. आसं काय पाप केलं म्या? तू संगं व्हतास, तुला ठावं आसंल."

म्या हातातला तुकडा खाली ठिवला.

"देवानं न्हाय ठिवलं," म्या म्हणलं. "म्या ठिवलं."

त्या साली गणपती बुडवायच्या दिवशी तो परंड्याहून बायको-पोरीकडं गावाला निघाला व्हता. मला मिरवणुकीत नाचायला जोडी पायजे व्हती. तेची चप्पल वाळूच्या ढिगात पुरली. हुडकस्तवर बस गेली. आन् पहाटं जमीन हालली. इतकी वर्सं हे कुणाला बोललो न्हाय.

"येकच पुरली व्हती?" तेनं इचारलं.

"दोनी."

तेनं पुस्तक मिटलं. मंग म्हणाला, "पोरीला सांगून आलो व्हतो, आज येतो म्हणून."

भिंत धरत उठला. दारातल्या माझ्या चपला उचलल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या, माझ्या म्होरं ठिवल्या. रस्त्याकडं तोंड करून.

"जा. बस चुकंल."

येताना पाटी तीनदा वाचली, बस बराबर धरली. घरी बायकोनं इचारलं, "काय खाल्लं तितं?" म्या म्हणलं, "धुतलेली बुरशी." ती हसली.

तेनं वाचलेल्या गोष्टीबद्दल आता येवडंच म्हणीन. मागं राहिलेला माणूस वर बगत इचारीत बसतो. योहान इतकी वर्सं देवाशी भांडला. आता तेला भांडायला म्या हाय, म्हणून फोन उशाला ठिवतो. तेला म्हणीन, मार, शिव्या दे, वाटलं तर परत वाचून दाखव.

आजून वाजला न्हाय.