तिच्या नावाचा भोगवटा

"हा दाखवायपुरता आहे, मॅडम," मी म्हणालो, आणि वर डोळाही मिचकावला.

नगरपालिकेच्या इंजिनिअर मॅडम, वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा, हातात टेप आणि नकाशा घेऊन आमच्या नव्या घराच्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. मी बोट दाखवत होतो ते गच्चीवरून खाली आलेल्या पाईपकडं आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याच्या झाकणाकडं. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सोय केल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. घर नकाशाबरहुकूम झालंय, माणसांनी राहायला हरकत नाही, असं नगरपालिकेनं लिहून दिलेला कागद म्हणजे भोगवटा. आमच्या कळंबच्या त्या नव्या वसाहतीत लोक काय करतात, तर एक पाईप मातीत रोवतात, फोटो काढतात आणि पाईप काढून शेजाऱ्याला देतात. आम्ही निदान पाईप जागेवर ठेवलाय, एवढंच मला सुचवायचं होतं. प्रामाणिकपणाचे मार्क मिळतील असं वाटलं. मास्तर माणूस, सवय जात नाही.

मॅडमचं पेन थांबलं. "सर, तुम्हीच असं म्हणताय तर मला तसंच लिहावं लागेल."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसलो.

कारण त्या कागदावर बायकोची आई अडून बसली होती. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या भूमकडच्या एका खेड्यात दोन शेळ्या घेऊन एकट्या राहायच्या. सकाळच्या एसटीनं आमच्या भाड्याच्या घरी यायच्या, लेकीच्या हातचं जेवायच्या आणि दुपारच्या एसटीनं परत. मुक्काम कधी नाही. "जावयाच्या घरात पडून राहू व्हय मी? लोक काय म्हणत्याल?" गुडघे गेले, एका डोळ्यानं दिसेना, तरी हेच. शेवटी बायको एकदा चिडून म्हणाली, "आई, हे घर मी बांधतेय. माझ्या पगारातून, माझ्या नावावर." ती आरोग्यसेविका आहे, तिच्या पगाराचा मला पत्ता असतो, ताबा नसतो. मामी म्हणाल्या, "तुझ्या नावाचा सरकारी कागद येऊ दे. मग बघू." तो कागद यायच्या वाटेत मी आडवा पडलो होतो.

बायको आतून साडीला हात पुसत आली. "काय लिहिताय, मॅडम?"

"सर म्हणतात, हा खड्डा दाखवायपुरता आहे."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. असं बघणं ती लसीला रडणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवते.

"त्यांना काय माहीत? ते शाळेपायी उमरग्याला असतात, शनिवारी येतात," ती म्हणाली. "झाकण काढा हो तुम्ही."

मी झाकण काढलं. आत खोल खड्डा, तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, अगदी चाळून घेतल्यासारखी. मी फोनवर तिला सांगितलं होतं, एक पाईप उभा करा, फोटो काढा, विषय संपला. ती "बघते" म्हणाली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या "बघते"चा अर्थ "तुमचं ऐकणार नाही" असा होतो, हे मला कळायला हवं होतं. गवंडीही म्हणे तिला म्हणाला होता, "ताई, झाकणाखाली कोण बघतंय?" तर ही म्हणाली, "मी बघतेय की."

मॅडम वाकून बघत होत्या. पण पाईप वरपासून खालपर्यंत खरंच जोडलाय का, याची त्यांना शंका. शंकेचं बी मीच पेरलेलं.

"पाणी सोडून दाखवते," बायको म्हणाली.

नळ अजून आला नव्हता. घरभरणीआधी फरशा धुवायला टँकरनं भरून घेतलेली एक टाकी तेवढी होती. उन्हाळ्याचे दिवस, पुढचा टँकर कधी येईल त्याची खात्री नाही. मी हळूच म्हणालो, "अगं, ते फरशीचं पाणी..."

"बादल्या उचला," ती म्हणाली.

उचलल्या. जिना तिनं सोपा, बुटक्या पायऱ्यांचा करून घेतला होता, आईच्या गुडघ्यांसाठी. तरी सहाव्या बादलीला माझे गुडघे मामींच्या गुडघ्यांशी नातं सांगू लागले. मी वर ओतत होतो आणि खाली त्या दोघी खड्ड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. पाणी पाईपातून धडधडत आलं, वाळूवर क्षणभर तळं झालं, फेस आला आणि बघता बघता वाळू नुसती ओली राहिली.

"सगळं गेलं की हो!" मॅडम लहान पोरीसारख्या बोलल्या. मग नकाशावर टिक करून म्हणाल्या, "ताई, या भागात झाकण उघडून दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

वरून मी कठड्याला टेकून बघत होतो. घामानं निथळत होतो, दम लागला होता, आणि खाली ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ही बाई माझी बायको आहे. पण त्या दिवशी माझ्या बोलण्याला बाजारात भाव नव्हता.

काही दिवसांनी कागद आला. शिक्का, सही, आणि मालकाच्या रकान्यात तिचं एकटीचं नाव. मी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला, भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि मामींना फोन लावून वाचून दाखवला.

"तुमचं नाव कुठं हाय त्यात?" मामींनी विचारलं.

"कुठंच न्हाय, मामी."

"खालीबी न्हाय?"

"न्हाय."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घरभरणी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात बायको गावी जाऊन मामींना घेऊन आली. शेळ्या पुतण्याकडं दिलेल्या, काखेत गाठोडं, हातात पत्र्याची पेटी. म्हणजे मुक्कामच. मला इतकं भरून आलं, की खुर्चीतून उठून दोन्ही हात पसरून मी म्हणालो, "या मामी, या! आपलंच घर समजा!"

मामी उंबऱ्यातच थबकल्या. पदर सारखा केला, पेटी खाली ठेवली, आणि आत यावं की न यावं अशा उभ्या राहिल्या.

बायकोनं पेटी उचलून आत ठेवली, आईला हाताला धरून कॉटवर बसवलं, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मग मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, दोन दिवस तुम्हीच जरा पाहुण्यासारखं वागा."