रिकामी वाटी

पवनानगरला माझी मावशी राहायची. तिच्या घरून कुणाची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. शेजारणीकडून कालवण आलं की वाटी घासूनपुसून ठेवायची आणि परत पाठवताना तिच्यात काहीतरी घालायचंच. चार कुरडया, लोणच्याची फोड, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. ‘राहू दे गं’ म्हटलं की उसळायची, "रिकामं भांडं धाडाया मी काय मेलीया व्हय?" सगळी आळी तिला वाटीमावशीच म्हणे.

मी पुण्याला प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते, याचं तिला भारी कौतुक. "दिसभर त्या दुर्बिनीत बघतीस तरी काय?" तिने एकदा विचारलं. म्हटलं, शरीरातल्या पेशी एकमेकींना बारीक पिशव्या पाठवतात, कामाचा माल भरून, तुझ्या वाट्यांसारख्या. बाई इतकी खूश! "अगं बया! म्हंजी आतबी शेजारधर्म हाय!"

मग सांगितलं, की काही विषाणू त्याच पिशवीत बसून शेजारच्या पेशीत शिरतात. उघडा विषाणू शरीराचे पहारेकरी पकडतात. पण पिशवी आपल्याच घरची, तिला कोण अडवणार? मावशीने हातातली वाटी उलटसुलट करून पाहिली. "खरं हाय," म्हणाली, "शेजारनीच्या वाटीत इख हाय का, कोन बघतंय?"

पुढे एका वर्षी वस्तीत पाण्यातून कावीळ आली. आपलेही डोळे पिवळे दिसताच मावशीने स्वतःच्या वाट्या बंद केल्या. "माज्या हातचं कुनाला नगं." शेजारच्या हिराबाईंची वाटी तेवढी घरात राहून गेली.

बाकीचे सगळे उठले, मावशी काही उठेना. लोणावळ्याच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले. विषाणू नेमका माझ्याच अभ्यासातला, पिशवीत बसून यकृतभर फिरणारा. तो कसा पसरतो ते मला पाठ, आणि त्याला थांबवायला हातात काय? काही नाही! त्याच्यावर औषध नाही. सलाईनकडे बघत बसायचं आणि यकृत सावरतंय का, याची वाट पाहायची. स्वतःचीच चीड यायची मला.

"तुज्या पेशींना सांग की गं," ती एकदा म्हणाली, "वाट्या बंद करा म्हनावं."

"नाही गं जमत मावशी. त्या देण्याघेण्यावरच त्या जगतात."

"व्हय," तिने डोळे मिटले. "मला तरी कुटं जमतंय? हिराची वाटी ऱ्हायलीया, त्यातच जीव अडकलाय."

मावशी घरी परत आली नाही.

घरी सुतक, चूल बंद. हिराबाईंची वाटी फळीवर दिसली. मी साखरेच्या डब्यात हात घातला आणि मागे घेतला. सुतकातल्या घरचं कोण खाणार? वाटी तशीच नेऊन दिली. हिराबाईंनी सवयीने आत पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"म्हंजी खरंच गेली गं," म्हणाल्या.