काशिनाथ वाट चुकला नव्हता

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या पलटणीची पोस्टिंग सीमेवर, बर्फाच्या डोंगरांत. मी सिग्नलचा हवालदार, गाव धसई. लान्स नायक काशिनाथ टोकावड्याजवळचा. एकाच मुरबाड तालुक्यातले, म्हणजे तिथं तो माझा भाऊच. सुट्टीला बरोबर निघायचो, कल्याणला उतरून मुरबाडची एस.टी. पकडायचो.

पोस्टवरचे दिवस सारखेच. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग बर्फ वितळवून पाणी, मग पहाऱ्याची ड्युटी. काशिनाथ स्टोव्हला पंप मारताना शिव्या घालायचा आणि पहिला चहा माझ्या हातात द्यायचा. "दादा, तुमचा रेडिओ बसला तर आमी मेलो. प्या आधी."

समोरच्या डोंगरधारेपलीकडचं आम्हाला दिसत नव्हतं. नकाशा जुना, तो भाग त्यात ढोबळच. तेवढ्यात वरच्या हेडक्वार्टरातून उपग्रहाचा फोटो आला. काळापांढरा, नावं टाकलेली, लाल पेन्सिलीनं रस्ता आखलेला. धारेपलीकडं खोल नाला दिसत होता. त्या नाल्यातून आडोशानं पुढं जायचं, शत्रूची येण्याजाण्याची वाट हेरून परत यायचं, अशी ऑर्डर. सहा माणसं, लीडर काशिनाथ. फोटो सगळ्यांनी पाहिला. मलाही नालाच दिसला. आभाळातून काढलेल्या फोटोवर कोण शंका घेणार?

पार्टी अंधारातच निघाली. उजाडल्यावर रेडिओ वाजला.

"यहाँ नाला नहीं है. नंगी रिज है. कोई आड नहीं. ओवर."

मी मेसेज वर दिला. वरून जवाब आला, तो मलाच काशिनाथला सांगावा लागला.

"फोटो में नाला है. आगे बढो. ओवर."

 मग तो मराठीत बोलला. रेडिओवर तसं बोलत नाहीत.

"दादा, मी डोंगराच्या सोंडेवर उभा आहे. उघड्यावर. त्यांना सांगा."

मी परत सांगितलं. परत तोच जवाब.

"रॉजर," काशिनाथ म्हणाला.

मग समोरच्या टेकाडावरून मशीनगन सुरू झाली. आमच्या पोस्टवर ऐकू येत होती. काशिनाथनं पाच जणांना मागं काढलं आणि स्वतः फायर देत तिथंच राहिला. पाचही जण आले, दोघं जखमी. त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी खांद्यावर आणलं.

चौकशी झाली. ऐकलं ते मी शब्दाला शब्द सांगितलं. समोरच्या साहेबांनी मान हलवली. रिपोर्टात आलं, पार्टी वाट चुकली.

काही महिन्यांनी उपग्रहाचे फोटो वाचणारे एक मेजरसाहेब आले. मी तो फोटो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो फोटो फिरवून खालची बाजू वर केली. नाला फुगून वर आला, त्याची सोंड झाली. 

साहेबांनी समजावलं. उजेड वरच्या बाजूनं येतोय, असं आपला डोळा धरून चालतो. आपल्याकडं ऊन दक्षिणेकडून. म्हणून उत्तर दिशा वर ठेवली की फोटोतलं उंच ते खोल दिसतं. हे माहीत असल्यामुळं फोटो तयार करणाऱ्या लॅबनं दक्षिण वर ठेवूनच फोटो पाठवला होता. हेडक्वार्टरात कुणीतरी तो सरळ केला. का, तर फौजेत नकाशा उत्तर वर धरतात. शिस्त! मग त्यावर नावं लिहिली, कॉप्या काढल्या आणि खाली धाडल्या.

उपग्रहानं काही चुकवलं नव्हतं. चूक टेबलावर झाली. तीही मी गिळली असती. पण माणूस जागेवर उभा राहून सांगतोय, इथं नाला नाही, आणि तुम्ही त्याला कागद दाखवता? वर तो मेल्यावर चूक त्याच्याच माथी मारता? मी सगळं लिहून वर पाठवलं. आजतागायत कुणी साधं हूं म्हटलेलं नाही.

रिटायर झाल्यावर काशिनाथच्या गावी गेलो. शाळेपुढं त्याच्या नावाचा दगड. त्यावर कोरलेलं, 'गस्तीवर असताना वाट चुकून वीरमरण'. त्याचे बाबा त्या दगडापुढून जात नसत, मागच्या बांधानं फिरून जात.

"माझा पोर वाट चुकल?" ते मला म्हणाले. "ढोरांमागं सगळं जंगल फिरला तो. तू होतास ना तिथं? सांग ना रे."

मी सांगितलं. रेडिओवरचा शब्द न् शब्द सांगितला.

"म्हंजे तो बोलला होता त्यांना?"

"दोनदा, बाबा."

"मंग दगडावर खोटं कशाला?"

मी सरपंचांकडं गेलो. "सरकारी पत्रात तसंच आहे," ते म्हणाले. "आमी काय करणार?"

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन भर दुपारी दगडापुढं बसलो. शाळा सुटली होती, माणसं जमली. सरपंच धावत आले.

"हवालदार, केस होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. कोर्टात तरी कुणी ऐकून घेईल."

'वाट चुकून' हे दोन शब्द मी काढून टाकले. दगड कठीण होता, बोटं सोलली. बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसून होते. त्यांनी उपरण्यानं भुगा झटकला. त्यांना वाचता येत नाही.

"आता काय राह्यलंय?"

मी वाचलं. "लान्स नायक काशिनाथ. गस्तीवर असताना वीरमरण."

"परत वाच," बाबा म्हणाले.