पन्ह्याबरोबर पाच तारे

पोलिसांना आपण गुण द्यायचे असतात, हे मला देवासला आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवात कळलं. तेव्हापासून मोबाइलवर तारे दिसले की मी तो पालथा ठेवते.

माझी भाची तेव्हा आमच्याकडे राहून नर्सिंग शिकत होती. तिची आई, माझी थोरली बहीण, गंधवानी गावाला, भावजी तिथल्या शाळेत शिक्षक. मुलीला देवासला ठेवायला ते कसेबसे तयार झाले होते, आणि निघताना उंबऱ्यातच मला बजावून गेले होते, "काही कमी-जास्त कानावर आलं, तर त्याच दिवशी घेऊन जाईन." भावजी बोलले म्हणजे बोलले. पोरगी मात्र खुशीत होती. दवाखान्यात ड्यूटी लागायला लागली होती, रोज संध्याकाळी आमच्या ह्यांचं बीपी बघायची आणि उगाच मोठ्या डॉक्टरीणबाईसारखं त्यांना रागवायची.

तर कॉलेजच्या रस्त्यावर एक माणूस तिच्या मागे लागला. मुलगा नव्हे हो, चांगला तिशीतला घोडा. मोटारसायकल हळू करून रोज तिच्या बरोबरीने यायचा. एक दिवस चौकात, भर उन्हात, त्याने तिची ओढणी ओढली. पोरगी घरी आली आणि आधी दाराला कडी घातली. पहिलं वाक्य काय, तर "मावशी, बाबांना सांगू नकोस."

मी तिला घेऊन पोलीस थान्यात गेले. गाडीचा नंबर तिला तोंडपाठ होता. रिपोर्ट लिहिणारा मुंशी म्हणतो, "नंबर तो है मैडम, पर नाम-पता तो नहीं है ना." अरे बाबा, नंबरावरून नाव काढायचं काम माझं की तुझं? मग थान्याच्या प्रमुखांसमोर, टीआय साहेबांसमोर बसवलं. त्यांनी पोरीला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पहले से जान-पहचान तो नहीं थी?" शी! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर मला म्हणतात, "रिपोर्ट लिखेंगे तो लड़की का नाम आएगा. आप तो समझदार हैं. आवेदन दे जाओ, देख लेंगे." आवेदन, म्हणजे साधा अर्ज, दिला. पोच मागितली तर शिक्का सापडेना. नंतर जेव्हा जेव्हा गेले तेव्हा एकच उत्तर, "ढूँढ रहे हैं, मिल नहीं रहा." मी पोरीला स्वतः रिक्षाने सोडायला-आणायला लागले.

त्यातच चैत्रागौरीचं हळदीकुंकू आलं. मंडळाच्या हॉलमध्ये आरास, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं यथासांग. आणि मधेच वर्दीतल्या दोन मुली आल्या. नागरिकांना पोलिसांचा अनुभव कसा येतो, याचं वरून सर्वेक्षण चाललं होतं, मोबाइलवर तारे द्यायचे. एरवी दहा घरं फिरावं लागलं असतं, इथे सगळा महाराष्ट्रीयन समाज एका जागी सापडला. अध्यक्षीणबाईंनी त्यांनाही कुंकू लावलं, ओटी भरली. झालं! आता ओटी भरलेल्या मुलींना कोण कमी गुण देणार? ज्यांनी जन्मात थान्याची पायरी चढली नाही त्या बायका पन्ह्याचा पेला एका हातात धरून दुसऱ्या हाताने पटापट पाच तारे देत होत्या. एकीने तर मुलीचा आवाज गोड आहे म्हणून दिले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे त्या मुलींनीच दिले.

माझ्याकडे आल्यावर मी एक तारा दिला. त्यातली एक बिचकली. "आंटी, गलती से दब गया क्या?" मी म्हटलं, "नहीं बेटा, पूरे होश में दबाया है." आणि का, तेही सगळ्यांच्या देखत सांगितलं, भाचीचं नाव न घेता. अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी आल्या, "अहो, असं काय करता? सणासुदीला दारी आलेल्यांच्या तोंडावर कोणी असं बोलतं का?" रस्त्यावर ओढणी ओढली त्याचं कुणाला काही नाही, माझं बोलणं मात्र लागलं. तिथली डाळ मी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीआय साहेब स्वतः घरी हजर. इतके दिवस ज्यांना शिक्का सापडत नव्हता त्यांना माझं घर बरोबर सापडलं. सोफ्यावर ऐसपैस बसले, पोहे खाल्ले, वर शेव मागितली. त्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. "मैडम, एक तारा? पूरी कॉलोनी ने पाँच दिए, आपने हमारा नंबर गिरा दिया. ऊपर से फोन आ गया." मग आवाज खाली आणून, "शाम तक बदल सकते हैं. आप इधर सुधार दो, हम उधर आपका काम करा देते हैं."

माझं काम! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी चांगले चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात दाराआडून भाची बाहेर आली. "मावशी, देऊन टाक ना पाच. मला परीक्षेला बसायचंय." दिले. अंगावर पाल पडावी तसं झालं. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघून घेतला आणि मगच उठले.

ते गेले आणि तासाभरात फोन, "आ जाओ, मिल गया." गेलो तर तो बाकड्यावर बसून चहा पीत होता आणि शिपाई त्याला "काय को ऐसे काम करते हो भिया" म्हणत होता. थान्याच्या मागच्याच गल्लीत राहत होता मेला! पोलिसांना सगळं ठाऊक होतं. त्याने कान पकडून "सॉरी दीदी" म्हटलं, आणि साहेबांनी जाहीर केलं, निराकरण झालं. रिपोर्ट? "अब क्या रिपोर्ट, माफी तो माँग ली." मग कुठूनसा गुलदस्ता आला. "बिटिया, ये साहब को दो." मी म्हटलं फोटो नको. म्हणे, रेकॉर्डसाठी आहे. पोरीने मान खाली घालून गुलदस्ता दिला आणि शिपायाने खटाखट फोटो काढले.

संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपांवर. पोरीचा चेहरा स्वच्छ, कॉलेजचं नाव, वर "छेड़छाड़ से परेशान छात्रा ने माना पुलिस का आभार" आणि खाली पाच पिवळे तारे. छेड काढलेल्या मुलीचं तोंड दाखवू नये, एवढं मला घरी बसून कळतं. त्या माणसाचा फोटो मात्र कुठेच नव्हता. भावजींच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो पोचायला वेळ लागला नाही.

सकाळच्या बसने भावजी आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "सामान भर." मी हात जोडले, भांडले, रडले. "भावजी, तिचं काय चुकलं?" "तिचं काही चुकलं नाही हो. पण आता गंधवानीत घरोघर तेच चाललंय. उद्या हिला कोण करून घेणार?" आणि वर म्हणतात, "पोलिसांनी मात्र वेळेवर मदत केली. चांगली माणसं दिसतात. लोकांनी उगाच का पाच-पाच दिलेत?" त्या पाचांत माझेही होते.

नर्सिंगचा पांढरा ड्रेस पोरगी पेटीत घालू लागली तर भावजी म्हणाले, तो राहू दे, कशाला ओझं. तिने तो घडी घालून माझ्या पलंगावर ठेवला. बसस्टँडवर भावजी तिकिटं काढायला गेले तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, त्याचं पुढे काय करणार?"

"काही नाही. कालच सोडला."

"मग मला का नेतायत?"

भावजी तिकिटं घेऊन मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. "चल," म्हणाले, "जागा मिळायची नाही."