पाचवीचा चाकू

नोकरीत मी कुलपं तोडली, दारं तोडली, एकदा तर भिंतसुद्धा फोडली. त्यांतलं काही मनात राहिलं नाही. एक काळा दोरा तोडला होता, त्याची भीती मात्र निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत जयपूरला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. मी इथल्याच पोलीस खात्यात लागलो. त्या वेळी प्रताप नगरच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. कोणाचंही नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत.

त्या पंधरवड्यात आमच्या हद्दीत कोणीतरी संध्याकाळच्या वेळी मागून येऊन बायकांच्या पर्सचे पट्टे चाकूने कापत होता. तिसऱ्या वेळी एका शिक्षिकेने पर्स सोडली नाही, तर त्याने तिचा दंड कोपरापर्यंत चिरला. तिने चेहरा पाहिला नव्हता, फक्त पातं पाहिलं होतं. मग वसाहत हादरली. क्लासला जाणाऱ्या मुलींना आणायला बाप लोक रांगेने उभे राहू लागले. वरिष्ठांचा फोन दिवसातून चारदा यायचा.

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी एका चहावाल्याने खबर दिली. "साहब, वो रेलवे वाला मराठी लड़का है ना, रोज जेब से चाकू निकालके अमरूद काटता था। हफ्ते भर से चाकू गायब है। पूछा तो हँसके टाल गया।"

खबर पक्की वाटली. वापरातली वस्तू अचानक दिसेनाशी झाली की पोलिसाचे कान उभे राहतात. मुलाला ठाण्यात आणला. पंचविशीचा, सिग्नलच्या कामावर नवाच लागलेला, अजून कायम न झालेला. गुन्हा नोंदला असता तर नोकरी गेलीच असती. केबलचं वेष्टण सोलायला खिशात चाकू ठेवतो, म्हणाला. त्यात गैर काही नव्हतं. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू वेगळा आणि नखाने ओढून उघडावा लागणारा वेगळा, एवढं आम्हाला कळत होतं. असा चाकू निम्म्या कारागिरांच्या खिशात सापडेल.

"चाकू कुठे आहे?"

"घरी आहे, सर."

"घरी कुठे?"

इथे तो गप्प झाला. मी मराठीतून विचारलं, हिंदीतून दरडावलं. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. "सर, मतलब... तो आज नका ना आणू. उद्या मी स्वतः आणून देतो." एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझ्या हिशेबी ही जवळजवळ कबुलीच होती.

सकाळी अकराच्या सुमारास त्याच्या क्वार्टरवर गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. वर्ध्याकडची बाई, नुकतीच सुनेच्या बाळंतपणासाठी आलेली. आतल्या खोलीत बाळंतीण होती, म्हणून मी उंबऱ्याबाहेर थांबलो आणि महिला शिपायाला आत पाठवलं. दोनच मिनिटांत तिने चाकू आणला. बाळाच्या राईच्या उशीखाली होता. लाकडी मुठीचा, मिटलेला आणि काळ्या दोऱ्याने गच्च गुंडाळलेला.

म्हातारी मला आडवी आली. "साहेब, नेऊ नका जी. माह्या नातवाच्या उशाचं लोखंड हाय ते. पहिलं लेकरू नवव्या दिवशी गेलं आमचं. आज याचा नववा दिस हाय."

"मावशी, बाजूला व्हा," म्हणालो आणि तिच्या डोळ्यांदेखत दोरा तोडून चाकू उघडला. बिजागरीपाशी सुकलेला लाल थर कडकन फुटला आणि माझ्या अंगठ्याला लागला. मागून हवालदार ओरडला, "साहब, खून!"

म्हातारी किंचाळली नाही. भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि म्हणाली, "दिवेलागणीच्या आत आणून द्या." आत बाळ रडत होतं. आम्ही निघालो.

ठाण्यात आल्यावर वरिष्ठांना कळवण्याआधी मी चाकू कागदावर ठेवला. तपासणीसाठी पाठवायचा तर पाकीट सील करावं लागतं. सील करता करता अंगठ्यावरचा लाल कण नाकाशी गेला. हळदीचा वास आला.

मराठी घरात वाढलेला माणूस मी. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईने पाचव्या दिवशी पाटा मांडून विळी पुजली होती, हळद-कुंकू वाहिलं होतं, ती उशाशी ठेवली होती. तो दिवस मला लख्ख आठवत होता. आठवला मात्र तासभर उशिरा.

मुलाला पुन्हा समोर बसवलं. "पाचवी कधी झाली?"

तो ओक्साबोक्शी रडला. बाळ घरी आल्यापासून चाकू उशीखालीच होता. पाचवीला आईने तो पुजला, सात वेढे घालून बांधला, वरून ओलं हळद-कुंकू लावलं. बारशापर्यंत सोडायचा नव्हता. जागा सांगितली तर पोलीस उचलून नेतील आणि नववा दिवस उघडा पडेल, म्हणून तो तोंड मिटून बसला होता. शिक्षिकेवर हल्ला झाला तो पाचवीनंतर तिसऱ्या दिवशी. शेजारच्या मारवाडी बाईंना विचारायला माणूस पाठवला. पूजेला त्या होत्या, चाकू बांधताना त्यांनी पाहिला होता.

आता नीट पाहिलं. थर मिटलेल्या पात्याच्या पाठीवरून मुठीपर्यंत सलग गेला होता, आणि त्यावर भेग एकच, ताजी. ती माझ्या अंगठ्याने पाडलेली. पाचवीपासून तो चाकू उघडलाच गेला नव्हता. त्या मुलाच्या निर्दोषपणाचा सगळ्यात पक्का पुरावा मीच घाईघाईत मोडून आलो होतो.

तेवढ्यात फोन वाजला. "बरामदगी हो गई?" वरिष्ठांनी विचारलं, म्हणजे चाकू हाती लागला का.

हो म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते. दोरा होता की नव्हता, कोणी विचारणारं नव्हतं. हवालदार माझ्याकडे बघत होता. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण कानात बाळाचं रडणं होतं. मी म्हणालो, "नहीं सर. गलत आदमी है। गलती मेरी है।" पलीकडून जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग रोजनामच्यात स्वतःच्या अक्षरात नोंद केली: चाकू दोऱ्याने बांधलेला होता, दोरा मी तोडला.

चारच्या सुमारास मुलाला घेऊन त्याच्या घरी गेलो. वाटेत शंभरदा मनात आलं, त्या बाळाला काही झालं असेल तर? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, तरी जीप जोरात पळवली. दारातच कळलं की बाळाचं अंग दुपारपासून तापल्यासारखं कोमट लागत होतं. म्हातारीने चाकू घेतला नाही. नवा काळा दोरा माझ्या हातात दिला. "तुमीच तोडला, तुमीच बांधा."

आरोपींना दोरखंडाने बांधणारे माझे हात. सात वेढे घालताना दोनदा गाठ सुटली.

खरा गुन्हेगार चार दिवसांनी सांगानेरच्या बस थांब्यावर सापडला. त्याच्याकडे खटक्याचा चाकू होता आणि शिक्षिकेची पर्ससुद्धा. मला लेखी समज मिळाली, ती योग्यच होती.

त्यानंतर नव्या पोरांना मी एकच सांगत आलो. माणूस गप्प बसला म्हणजे तो गुन्हा लपवतोय असं नसतं, कधी तो कोणाला तरी जपत असतो. आणि वस्तू उघडण्याआधी ती बंद कशी होती, ते लिहून घ्या.

हे शहाणपण नंतरचं. बाळाच्या दहाव्या दिवशी सकाळी, हजेरी घेण्याआधी, मी जीप त्या गल्लीतून नेली. तिथे माझं काहीएक काम नव्हतं. क्वार्टरपाशी इंजिन बंद केलं आणि कान देऊन बसलो. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आतून बाळ रडलं, चांगलं खणखणीत, भुकेचं. मी ते पोटभर ऐकलं आणि ठाण्यात गेलो.