देव्हाऱ्यातला पेट्रोल फिल्टर

आमच्या घरात सगळ्यांत जास्त अंघोळी गाडीच्या होतात. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आमच्याकडे आधी गाडी, मग टाकी आणि उरलं तर माणसं. आमचे हे अर्धी चड्डी घालून, पाइप घेऊन चक्क गाडीच्या पोटाखाली शिरतात. "वरून काय, कुणीही धुतं. खालून धुणारा अख्ख्या कॉलनीत मी एकटा," असं वर अभिमानानं सांगतात. मला केस धुवायचे असले की मात्र "आज राहू दे, पाणी पुरवायचंय." गाडी पांढरी, पेट्रोलची, वीसेक वर्षांची. तिच्याशी हे जितकं गोड बोलतात तितकं माझ्याशी बोलले असते तर माझी निम्मी दुखणी पळाली असती.

श्रावणात गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला. हे म्हणाले, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा असेल. शेजाऱ्यांनी स्कूटर विकून बॅटरीवरची घेतली, तरी वास आपला आहेच. मग म्हणाले, तुझं नाकच फार तिखट. पुढे मागच्या चाकाजवळ फरशीवर ओला डाग दिसायला लागला. ह्यांनी त्यावर जुनं पायपुसणं टाकलं. झालं, डाग मिटला! एका रविवारी अंगाचा साबण मळून त्याची गोळी घेऊन खाली शिरले, कुठंतरी थापली आणि बाहेर येऊन विजयी मुद्रेनं हात धुतले. दोन दिवस गाडीला पेट्रोल आणि चंदन असा मिश्र वास येत होता.

शेवटी मीच कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आणलं. तो आडवा होऊन आत गेला, बॅटरी मारली आणि तिथूनच ओरडला, "साहेब, फिल्टरचा डबा सडलाय की हो! खालनं पानी मारून मारून निस्ता गंज झालाय. पाजरतंय. बदलून टाका." टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जाताना ज्यातून गाळून जातं तो हा पत्र्याचा डबा, आमच्या गाडीत बरोबर मागच्या सीटच्या खाली. आणि मागच्या सीटवर आमच्याकडे एकच माणूस बसतं, माझी आई.

आई वैरागला एकटी असते. गुडघ्यांमुळे तिला एसटी चढवत नाही, म्हणून सणावाराला हे स्वतः जाऊन तिला घेऊन येतात. तेवढं श्रेय द्यायला हवं, देते. पण तिला गाडीतून उतरायचं म्हणजे आधी दार, मग एक पाय, मग काठी, मग "थांब गं बाई जरा", मग दुसरा पाय. एखादी ठिणगी पडली तर आम्ही दोघं दारं उघडून पळू. ती काय करील? हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेचना. दसऱ्याला तिला आणायचं ठरलेलंच होतं.

ह्यांनी त्याच संध्याकाळी नवा फिल्टर विकत आणला. मला वाटलं, सुटले बाई. मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळी बसवू. तर हे डोळे मोठे करून म्हणाले, "उद्या? उद्यापासून पितृपक्ष! पितृपक्षात नवी वस्तू लावतं का कुणी?" मी म्हटलं, "अहो, अशानं आपणच पितरांत जमा होऊ की." पण नाही. पितृपक्ष संपला तर नवरात्र बसलं. आता दसरा तोंडावर आलाय, खंडेनवमीला पूजा होऊ दे, मग मुहूर्तावर बसवू. तोवर फिल्टर कुठे? देव्हाऱ्यात! बाळकृष्णाच्या शेजारी. रोज त्याला हळदकुंकू, रोज फूल. जुना डबा गाडीखाली थेंब थेंब गळतोय आणि नवा इथं नैवेद्य खातोय, आणि हे रोज त्याच गाडीतून ऑफिसला जातायत. शिकलेला माणूस हो! ऑफिसात आग विझवायच्या नळकांड्यांची तपासणी ह्यांच्याकडेच आहे.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या सगळ्यांची पूजा असते. पूजा झाली की आम्ही आईला आणायला निघणार होतो. गाडी न्हाली, झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं गेली. हे सोवळं नेसून, ताटात कापूर पेटवून उभे. तेवढ्यात ह्यांना आठवलं की पूजेच्या वेळी इंजिन चालू पाहिजे, म्हणजे ते 'जागृत' असतं. डाव्या हातात ताट धरून उजव्या हातानं चावी फिरवली. इंजिन चालू झालं तसा टाकीतल्या पंपाचा जोर लागला, सडलेल्या पत्र्यानं नेमका तेव्हाच दम सोडला आणि इतके दिवस थेंब थेंब पडत होतं त्याची धार लागली. मी डोळ्यांनी पाहिली. आणि हे जळता कापूर घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालत मागच्या चाकाकडेच निघालेले!

मी ओरडलेसुद्धा नाही. गाडी धुऊन उरलेली पाण्याची बादली होती, ती उचलली आणि ताटासकट ह्यांच्यावर ओतली. चावी काढून घेतली. समोरच्या गॅलरीत सगळी कॉलनी उभी. सोवळं अंगाला चिकटलंय, कपाळावरचं गंध ओघळतंय आणि हे म्हणतात, "पेटती आरती विझवलीस? अपशकुन केलास!" मला रडू येत होतं आणि इतका राग आला होता की दुसरी बादली भरलेली असती तर तीही ओतली असती.

मी तडक देव्हाऱ्यातून फिल्टर उचलला आणि कोपऱ्यावर गेले. मागून हे, ओल्या सोवळ्यात, इंजिन बंद ठेवून हार घातलेली गाडी ढकलत येतायत. मिस्त्रीच्या दुकानात पाने-पक्कड सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहिलेलं. मिस्त्रीनं हात जोडले. "वहिनी, आज न्हाय. हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या दुपारपतूर आमी हात लावत न्हाय."

"बरं," मी म्हटलं, "आईला आज ह्याच सीटवर बसवते. काडी तुम्ही लावणार का ह्यांच्यावरच सोडताय?"

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे झेंडूच्या हाराकडे बघायला लागले. मी पाटावरचा सगळ्यात मोठा पाना उचलला, कपाळाला लावला आणि त्याच्या हातात ठेवला. "घ्या. पूजा मी मोडली, पाप माझं. आता कामाला लागा."

पुटपुटत का होईना, लागला बिचारा. बॅटरीची वायर काढली, खाली पसरट डबा ठेवला, पाइप सैल केला. गंजलेला बोल्ट तुटला. जुना फिल्टर निघाला तेव्हा मिस्त्रीनं त्यावर अंगठा दाबला, तर पत्रा पापडासारखा आत गेला. हे जरा मागे सरकले. नव्या फिल्टरवर पेट्रोल कुठल्या दिशेनं जायचं त्याचा बाण असतो, त्या बाणावर कुंकवाचा थर बसलेला. तो पुसला. मग मिस्त्रीनं फिल्टर उलटा करून हातावर आपटला, तर तोंडातून अक्षता पडल्या. "साहेब, टोपनं काढून पूजा केली व्हय?" हे म्हणाले, "वाहताना गेल्या असतील." पुढे दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मला तेवढीच विश्रांती.

ऊन उतरता वैरागला पोचलो. हे आईचं गाठोडं आणायला आत गेले. मी आईला धरून मागच्या सीटवर बसवलं. ती टेकली, पदर सारखा केला, इकडेतिकडे नाक फिरवलं आणि हळूच म्हणाली, "आज वास न्हाय येत गं."

"कसला वास?"

"पेट्रोलचा. गौरीला जावईबापू एकलेच न्यायला आले तवा लई येत हुता. डोकं भणाणलं बघ. पदर नाकाला लावून बसले सोलापूरपतूर."

"मग बोलली का नाहीस?"

"अगं, येवढ्या मानानं न्यायला येत्यात. जावयाच्या गाडीला नाव ठेवायचं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "आई, गाडी पेटली असती तरी तू 'जावईबापू, जरा गरम होतंय' एवढंच म्हणाली असतीस!"

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. घराच्या दाराकडे बघत, ह्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं मला अगदी मनापासून विचारलं, "मंग? दुसरं काय म्हनायचं असतंय?"