सुभेदारांच्या दाराचं पितळी झाकण

पोस्टात चार वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. आमच्या साताऱ्याच्या पोस्टात दुपारचा चहा आला की कुणी कुत्रं मागं लागल्याचं सांगायचा, कुणी घरमालकाच्या भांडणाचं. माझी पाळी आली की सगळे ओरडायचे, "सुभेदारांचं दार काढ!" लढाईच्या दिवसांत माझ्या वाटपाच्या बीटात पत्र टाकायची फट असलेलं तेवढं एकच दार होतं.

*

सुभेदार पेन्शनीत आलेले. एक गोरा साहेब विलायतेला परतला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात यांनी पुढचं जुनं दारच घेतलं. फट, फटीवर पितळी झाकण, सगळं शाबूत. घरी आणल्यावर कळलं, दार चौकटीपेक्षा उंच! सुतारानं खालून कापलं आणि फट आली माझ्या गुडघ्याशी. मी वाकलो की ओट्यावरून सुभेदार म्हणायचे, "वाक गड्या, वाक! साहेबाच्या दाराला सलाम कराय लागतोयच!"

*

झाकणाची स्प्रिंग भारी कडक. पत्र सरकवलं की 'खाड्' करून बोटावर बसायचं. एकदा रक्तच आलं. सुभेदारांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, धावत येऊन हळद दाबली. सुभेदार म्हणाले, "साहेब गेला, पर चावायचा थांबला न्हाई!"

*

त्यांचा एकुलता एक शंकर लढाईवर गेला. त्या घराला दुसरं पत्र टाकणारं होतंच कोण? खाड् वाजलं की काकी परसातून ओल्या हातांनी धावत यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. सुभेदार चष्मा शोधेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असायचं.

मी एकदा म्हटलं, "काकी, आधी मजकूर तर ऐका!"

"मजकुराचं काय घिऊन बसलास भाऊ? वाजलं म्हंजे पोरगं हाय."

मी हसलो खरा, पण दिवसभर जिवाला बरं वाटलं नाही.

*

मग स्प्रिंग तुटली, आणि निखळलेलं झाकण कुणीतरी पळवलं. पितळ तेव्हा मिळतच नव्हतं. सुभेदारांनी जुन्या लष्करी बुटाचं कातडं फटीवर ठोकलं. त्याला आवाजच नाही. शंकरचं पत्र आत पडून राहिलं आणि घरच्या शेळीनं अर्धं खाल्लं!

उरलेलं वाचून सुभेदार म्हणाले, "खुशाल हाय म्हंतोय. कुठं हाय, ते शेळीला इचार!"

काकी हसल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. "पोराचं पत्र आलं आन् मला कळलं न्हाई," एवढंच म्हणत राहिल्या.

*

सुभेदारांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून पाहिला. तो असा वाजला की शेजारीण विचारायला आली, "कुणाचा हंडा पडला गं?"

काकी म्हणाल्या, "ह्यो आवाज आमच्या शंकरचा न्हाई." आणि आपली चीर गेलेली पितळी परात नवऱ्यापुढं ठेवली. पलटणीतला जुना सोबती कासीम मिस्त्री सांगलीच्या पेठेत पितळेचं काम करायचा. परात त्याच्याकडं गेली.

*

झाकण तयार झाल्याचा निरोप आला आणि सुभेदार ते आणायला सांगलीला गेले. ते परतायच्या दिवशी माझ्या थैलीत त्यांच्या नावाचं कार्ड निघालं. कोपरा फाडलेलं. म्हणजे मयताची खबर. असलं कार्ड घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. ते मी फटीतून आत कसं टाकणार?

मोटार स्टँडवर जाऊन उभा राहिलो. सुभेदार उतरले ते खुशीतच. फडकं सोडून दाखवायला लागले, "बघ रं, कासीमनं साहेबाच्या वरताण केलंय!"

मी कार्ड पुढं केलं. त्यांनी कोपरा पाहिला. शंकरच्या दोस्तानं लष्करी इस्पितळातून लिहिलं होतं. सुभेदारांनी उभ्यानंच वाचलं, फाडलं आणि तुकडे तिथंच टाकले.

"चल," म्हणाले.

घरी येऊन परसाकडं "आलो गं" एवढं ओरडले, दारासमोर बसले आणि झाकण बसवायला लागले. मी स्क्रू हातात देत होतो. मला रडू आवरत नव्हतं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"सुभेदारसाहेब, काकींना..." मी हळूच म्हटलं.

"सांगतो. आदी येकदा ऐकू दे तिला."

त्यांनी झाकण बोटानं उचललं आणि सोडलं. खाड्!

परसात बादली कलंडली. पावलं धावत आली.

"आवं, कुठं हायसा? शंकरचं आलं!"